४१७ नंबरची बाई

३ जून २०१३

एकतीस माणसं हरवली आहेत. आजपासून ती मी शोधायची.

म्बेवेमाईंनी यादी हातात दिली तेव्हा मला खरंच आनंद झाला. सव्वा वर्ष इथे नुसती टेबलाशी बसून आहे – एच.आय.व्ही.च्या तपासणीआधी बोलायचं, तपासणीनंतर बोलायचं. आता बाहेर पडायला मिळेल. औषध चालू असताना यायची थांबली ती ही माणसं. त्यांना गाठायचं, समजवायचं, परत आणायचं. म्बेवेमाई आमच्या विभागाच्या मुख्य नर्स. बोलणं कमी. एवढंच म्हणाल्या, "वरून सुरुवात कर, तियामिके."

सगळ्यात वर ४१७ नंबर. म्फात्सो बांडा. कपाटातून तिचं कार्ड काढलं. साडेचार वर्षांत एक तारीख चुकलेली नाही. वजन त्रेचाळीसवरून छप्पन्न. गोळ्या मोजून नेलेल्या, मोजून संपवलेल्या. अशी रुग्ण कुठे मिळते? आणि गेल्या वर्षी ३० जानेवारीला दोन महिन्यांच्या गोळ्या नेल्या, त्यापुढे कार्ड कोरं.

मी इथे रुजू झाले ६ फेब्रुवारीला. एका आठवड्याने चुकामूक.

कार्डावर शेवटी एक प्रश्न असतो – घरी येऊन चौकशी केलेली चालेल का? तिचं उत्तर: नाही.

४ जून

कालिलोम्बे सर इथले डॉक्टर. त्यांना विचारलं. "'नाही' म्हणणाऱ्याच्या दारात जायचं नाही. नियम आहे." म्बेवेमाई शेजारीच पट्ट्या गुंडाळत होत्या. सर गेल्यावर म्हणाल्या, "दारात नको जाऊस. गावात जायला कुणी अडवलंय?"

७ जून

रोज सकाळी दवाखान्याच्या आंब्याखाली रुग्णांशी बोलायचं असतं, ते आज रंगलं. बाकीचे सगळे 'शरीरातले शिपाई' सांगतात. शिपायांवर इथे कुणाचं प्रेम आहे? मी कणगी सांगते. गेल्या वर्षी मार्चमध्ये पहिल्यांदा सुचलं, तेव्हापासून तेच.

शरीर ही मक्याची कणगी. रक्तातल्या काही पेशी म्हणजे तिच्यातली मांजरं. हा विषाणू – आपण ज्याला छोटं श्वापद म्हणतो – तो मका खात नाही. तो मांजराच्याच पोटात शिरतो, तिथेच वितो, आणि एकेक मांजर संपवतो. वर्षं लागतात. बाहेरून कणगी तशीच्या तशी. आणि उंदीर? ते बाहेरून येत नाहीत. ते पहिल्यापासून तिथेच असतात – क्षय, न्यूमोनिया, तोंडातली बुरशी. मांजर आहे तोवर बिळात. मांजरं संपली की एक चिचुंद्रीसुद्धा कणगी रिकामी करते. माणूस छोट्या श्वापदाने मरत नाही, उंदरांनी मरतो. गोळ्या श्वापदाला वाढू देत नाहीत, म्हणून मांजरं वाचतात. पण गोळी थांबली की ते पुन्हा उठतं.

मागच्या बाकावरून एक आजोबा म्हणाले, "उंदीर आले तर आले की, बाई. भाजून खाऊ." सगळा आंबा हसला. मीही हसले – बाजारात काडीला खोचलेले भाजके उंदीर मीच किती खाल्लेत. हसू ओसरल्यावर त्याच आजोबांनी विचारलं, "पण मांजरं परत येतात का?"

"येतात," मी म्हणाले. "वेळेवर आलात तर."

९ जून, रविवार

ताई आली होती मासे घेऊन. न्दाझिओना, माझी मोठी बहीण. नवरा मलेरियाने गेल्यावर ती माहेरी आली, आणि तेव्हापासून तलावाकाठी उसिपा मासे वाळवून इथल्या बाजारात आणून विकते. माझं शिक्षण त्या बोटभर माशांतून झालं. माझ्या पदवीच्या झग्याला माशांचा वास येत होता असं ती सगळ्यांना सांगते. आमच्या घरातली पहिली पदवी. फोटोत माझ्यापेक्षा तीच ताठ उभी आहे.

जेवताना तिला ४१७ बद्दल सांगितलं. नाव नाही सांगितलं – ते सांगायचं नसतं. साडेचार वर्षं बाईने नेमाने घेतलं, आणि मी आले त्याच सुमाराला थांबली, म्हटलं.

"सापडली तर काय म्हणशील तिला?" ताई न्सिमाचा – मक्याच्या घट्ट उकडीचा – घास रश्श्यात बुडवून बुडवून मऊ करत होती. लापशीने जीभ भाजली म्हणाली.

"म्हणेन, बाई, तुला लाज नाही वाटली? तुझ्या जिवावर कुणीतरी असेलच ना."

"आणि ती म्हणाली, त्या कुणासाठीच थांबवलं, तर?"

"असं कुणी थांबवतं का? हा शुद्ध अडाणीपणा."

"असेल. आम्ही अडाणीच." मग हसली. "कांबा, ते मासे उन्हात टाक. भाषण उद्या आंब्याखाली दे."

कांबा म्हणजे कासव. शाळेत मी सगळ्यांत शेवटी पोचायची. हे नाव फक्त तीच घेते.

वाळली आहे फार. म्वेरा वारा वाहतोय, तलाव खवळलेला, मासा नाही, त्याची काळजी असेल.

१२ जून

९०२ नंबर सापडला. सुतार आहे. वैतागलाच. "पुन्हा? माई येऊन गेल्या की गेल्या वर्षी. मी आता सासरवाडीजवळच्या दवाखान्यात घेतो. लिहून घेतलं होतं त्यांनी." यादी जुनी दिसते. माईंना म्हटलं, तर म्हणाल्या, "मग त्याला सोड. वरची घे."

१५ जून

४१७ च्या गावाला जाऊन आले. सायकलवाल्याच्या मागे बसून दीड तास, वाऱ्याच्या तोंडावर. नावापुरती कुणीतरी दूरची नातेवाईक शोधतेय असं सांगितलं.

मुखिया अंगणात टोपली विणत होते. "बांडा हवीय? माझ्या घरात सात आहेत. जाडी हवी की बारीक?" त्यांची बायको आतून ओरडली, "जाडी घेऊन जा गं, माझी सुटका होईल."

म्फात्सो बांडा तिथे कुणीच नाही. कधीच नव्हती. ज्या बाईला सापडायचं नाही ती तलावात पाण्याचा थेंब असतो तसं नाव घेते.

परतताना विचार आला – नाव खोटं, गाव खोटं, पण वजन खरं. तारखा खऱ्या. ती माझ्या बाजारात मीठ घेत असेल. मिनीबसमध्ये माझ्या मांडीला मांडी लावून बसली असेल.

१८ जून

आता कुठलीही सडपातळ बाई दिसली की वाटतं, हीच. पाण्याच्या नळावर एकीकडे इतकं बघत राहिले की ती म्हणाली, "काय गं, पैसे ठेवलेत का माझ्या तोंडावर?"

छपरात उंदीर झालेत. रोज सकाळी अंथरुणावर भुसा पडलेला असतो.

२४ जून

ताई बाह्यरुग्ण विभागात आली होती, मला नंतर कळलं. डोकं दुखतंय, चार-पाच दिवस. मलेरियाच्या गोळ्या दिल्या. तिची दवाखान्याची वही पाहिली – कोरी करकरीत, आजचीच. फाटकाजवळच्या दुकानातून घेतलेली.

"जुनी कुठे?"

"पावसात भिजली."

वही प्रत्येकाची प्रत्येकाकडेच असते. सगळी दुखणी तिच्यातच. आणि मीच नव्या मुलींना शिकवते – कोरी वही घेऊन कुणी मोठं माणूस आलं तर थांबा, विचारा. लोक दहा रुपयांना नवा जन्म विकत घेतात, हे माझंच वाक्य. सगळ्या हसतात.

मी थांबले नाही. विचारलं नाही. मलेरिया म्हटल्यावर मला बरं वाटलं.

२५ जून

आमच्याकडे रुपये नसतात, क्वाचा असतात. काल 'रुपये' लिहिलं. खालच्या मजल्यावरच्या गुजराती दुकानदाराच्या घरी शिकवणी घेते त्याची सवय. डोकं ठिकाणावर नाही.

३० जून

स्वप्नात ४१७. दारात उभी, पाठमोरी. मी नंबर पुकारते. ती वळत नाही. नाव पुकारावं तर ते खोटं आहे हे मला स्वप्नातही माहीत आहे.

६ जुलै

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. मैदानात बँड वाजत होता. आई ताईला घेऊन आली – सायकलवाल्याने मागे बांधूनच आणली जवळजवळ. रात्रीपासून ओकते आहे. मान वळत नाही. उजेड नको म्हणते. मी पुढे गेले तर म्हणाली, "कांबा, तू दोन झालीस."

दाखल केलं.

७ जुलै

म्बेवेमाई तपासणीचं तबक घेऊन आल्या. मी सवयीने खुर्ची ओढली. "तू बाहेर थांब," त्या म्हणाल्या. "आज तू घरची."

बाहेर थांबले. पंधरा मिनिटं लागतात. पंधराच लागली.

पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. प्रयोगशाळेतल्या माणसाला माहीत नव्हतं माझी कोण ते. मला उत्साहाने भिंगातून दाखवलं – थेंबात काळी शाई घालतात, मग दिसतं. काळ्याभोर आभाळात गोल गोल चंद्र. प्रत्येकाभोवती खळं. इतकं सुंदर. ती बुरशी. मेंदूच्या आवरणात. मातीत असते, पक्ष्यांच्या विष्ठेत असते, वाऱ्याबरोबर सगळ्यांच्याच छातीत जाते. माझ्या छातीत असेल. आईच्या असेल. आम्हाला कळतही नाही.

मांजरं मोजली. माणसाच्या एका थेंबात हजारभर असावीत. दोनशेच्या खाली धोका.

ताईची एकोणीस.

८ जुलै

सहा वर्षांत कधी विचारलं नाही. भाओजी 'मलेरियाने' गेले, हे मी महिन्यापूर्वीच या वहीत तसंच लिहिलंय. शेकडो बायकांना विचारलं – नवरा कशाने गेला, कधीपासून खोकला होता, तुमची तपासणी झाली का. घरी येऊन मासे खाल्ले.

पदवीच्या दिवशी मीच म्हणाले होते, आईसमोर, ताईसमोर – आपल्या घराला देवाने या रोगातून वाचवलं. ताईनेच 'आमेन' म्हटलं होतं.

९ जुलै

कालिलोम्बे सरांनी ताईला विचारलं, "यापूर्वी कधी ही औषधं घेतलीत, माई?" ताईने माझ्याकडे पाहिलं. "नाही, डॉक्टर." सरांनी दुसऱ्यांदा विचारलं. "नाही."

नवं कार्ड मीच भरलं. नवा नंबर.

आधी बुरशीचं औषध, पाच आठवडे. मांजरांचं औषध मग. लगेच दिलं तर मांजरं जागी होऊन आतच धिंगाणा घालतात आणि मेंदू सुजतो. हे मला पाठ आहे. आईला सांगताना सांगता येईना. आई म्हणाली, "तुला कळतंय ना? मग झालं."

१२ जुलै

सोबतीच्या माणसांच्या पडवीत राहते आहे. रोज तीन दगडांवर लापशी. शेजारच्या आजी नवऱ्याला घेऊन आल्यात. मला म्हणतात, "दवाखान्याची बाई ना तू? मग तुझा धूर आमच्यासारखाच कसा येतो?"

आज पुन्हा पाणी काढलं. डोक्यातला दाब उतरला. ताईने अर्धी वाटी लापशी घेतली, आणि मीठ कमी आहे म्हणाली. मी रडले तर म्हणाली, "मिठासाठी एवढं?"

१४ जुलै

छान गेला दिवस. तिचे पाय चेपत होते. डोळे मिटूनच विचारलं, "तुझी मांजरं परत येतील का गं?"

"येतील."

उत्तर दिलं, वाटी धुवायला गेले, आणि नळापाशी थबकले. मांजरं मी घरी कधी सांगितली नाहीत. ती फक्त आंब्याखाली सांगते.

१५ जुलै

विचारलं नाही. कपाटातून ४१७ चं कार्ड काढलं. उंची एकशे एकावन्न. ताईच्या नव्या कार्डाशेजारी ठेवलं. एकशे एकावन्न.

पुष्कळ बायका एकशे एकावन्न असतात.

१६ जुलै

तिनेच सांगितलं. मी काही विचारायच्या आधी. माझ्या हातात रिकामी वाटी होती, त्या वाटीकडे बघत बोलली.

"आले होते मी. गेल्या वर्षी मार्चमध्ये, माझ्या तारखेला. वही टोपलीत, माशांखाली. तू आंब्याखाली उभी होतीस. पांढरा कोट. तू कणगीचं सांगत होतीस आणि सगळी माणसं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. कुंपणापाशी उभी राहून मी सगळं ऐकलं. कुणीतरी म्हणालं, केवढीशी आहे, पण काय बोलते. मला वाटलं ओरडून सांगावं, माझी आहे. मग वाटलं, आत्ता मी जाऊन त्या बाकावर बसले तर हेच लोक म्हणतील, आधी घरातली कणगी बघ."

"कुणी म्हटलं नसतं."

"तू म्हटली नसतीस. लोक म्हणतात." तिने कूस बदलली. "दुसरीकडे जाईन म्हटलं. पीक निघाल्यावर. पण काही होतच नव्हतं गं मला. मासे उचलत होते, चालत होते. वाटलं, बरी झाले असेन."

मीच सांगते ते. बाहेरून कणगी तशीच्या तशी.

"कांबा," ती म्हणाली, "लाज नाही वाटली का, असं विचारणार होतीस ना? वाटली. तीच तर वाटली."

१९ जुलै

पुन्हा डोकं. पुन्हा पाणी काढलं. उजव्या डोळ्याने दिसत नाही.

२३ जुलै

मला ओळखते. आईला नाही.

२७ जुलै

पहाटे ताई गेली. म्वेरा थांबला होता. तलाव आरशासारखा होता, सगळे म्हणत होते.

२९ जुलै

काल माती दिली. घरात बायका तिच्याभोवती जमिनीवर बसून गात होत्या, बाहेर पुरुष. मातीआधी मृताची हकिकत वाचतात – जन्म कुठला, लग्न कधी, कशाने गेली. ती वाचायला घरातलं शिकलेलं माणूस उभं करतात. दुसरं कोण होतं?

रात्री कागदावर खरं लिहिलं होतं. पूर्ण, त्या रोगाच्या नावासकट. मीच तर सांगते, लपवण्यानेच माणसं मरतात. उभी राहिले. मुखिया होते, चर्चमधल्या बायका होत्या, काठावरच्या मासेवाल्या होत्या. आई खाली बसली होती. तिने वर पाहिलं.

"अल्प आजाराने," मी वाचलं.

कागदावर ते नव्हतं.

संध्याकाळी आईने ताईची माशांची टोपली उपडी केली. तळाच्या कापडाखाली जुनी वही. भिजलेली नाही. पहिल्या पानावर म्फात्सो बांडा. त्याखाली ओळ असते – औषधाची आठवण कोण करणार? लिहिणाऱ्याने विचारलं असणार, तिने सांगितलं असणार: कांबा, बहीण, शाळेत आहे.

५ ऑगस्ट

कामावर. यादी म्बेवेमाईंच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, मला नको हे काम.

त्यांनी दार लावून घेतलं. "तू पहिल्या दिवशी आलीस, तेव्हा तुझा बिछाना डोक्यावर घेऊन एक बाई बरोबर होती. साडेचार वर्षं मी तिच्या गोळ्या मोजल्या होत्या. मी ओळखलं. तिने मला ओळखलं. तिने मानेने नाही म्हटलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"दोनदा बाजारात गाठलं. बहिणीला सांगाल तर तलावात उतरेन, म्हणाली. दाखल झाल्यावर सरांना ती 'नाही' म्हणाली, तेव्हा मागाहून मी त्यांना सांगितलं, औषधात काही चूक झाली नाही. पण तुला कसं सांगू? रुग्णाची गोष्ट घरच्यांनाही नाही. हे नव्या मुलींना कोण शिकवतं इथे?"

मी शिकवते.

मी उठले. त्यांनी यादी परत माझ्याकडे सरकवली. "वरून सुरुवात कर, म्हटलं होतं तुला," म्हणाल्या, आणि पट्ट्या गुंडाळायला लागल्या.

६ ऑगस्ट

कपाटातून एकतीसच्या एकतीस कार्डं काढली. तीस जणांचा निकाल गेल्याच वर्षी लागला आहे – दुसरीकडे गेले, परत आले, वारले. प्रत्येकावर तारीख, माईंचं अक्षर. त्या यादीत शोधायचं माणूस एकच होतं.